बेसमेंट उबदार करायचं, पण आधी कोरडं

टोरांटोत जुनं घर घेणाऱ्याला पहिल्याच हिवाळ्यात बेसमेंटची थंडी जाणवते. वर थर्मोस्टॅट २० अंशांवर असतो आणि जिना उतरलं की पाय गारठतात. मग कुणीतरी कंत्राटदार गाठून देतं. तो काँक्रीटच्या भिंतीला लागून लाकडी चौकटी उभ्या करतो, त्यांत फायबरग्लासच्या गुलाबी गाद्या कोंबतो, वरून प्लॅस्टिकचा कागद ताणून स्टेपल करतो, त्यावर ड्रायवॉल, म्हणजे कागद चिकटवलेले जिप्समचे तक्ते, ठोकतो आणि रंग देतो. थोड्याच दिवसांत झकास खोली तयार होते. दोन-तीन उन्हाळे उलटले की त्या खोलीला कुबट वास यायला लागतो. ड्रायवॉलचा एखादा तुकडा कापून बघावा तर मागे काळी बुरशी, भिजून खाली बसलेली गादी आणि नखाने टोकरलं तरी निघणारं लाकूड.

याला दर वेळी कंत्राटदाराची लबाडी कारणीभूत नसते. वरच्या मजल्याच्या भिंतींना जी पद्धत चालते तीच त्याने जमिनीखाली वापरलेली असते. वरच्या मजल्याची भिंत दोन्ही बाजूंनी हवेत असते. एका बाजूने भिजली तर दुसऱ्या बाजूने वाळते. जमिनीखालच्या भिंतीची बाहेरची बाजू कायम मातीत असते आणि ती माती जवळजवळ वर्षभर ओलीच असते. ही भिंत वाळली तर आतल्या अंगानेच वाळणार. तिथेच आपण प्लॅस्टिक ठोकलं तर ओल जाईल कुठे? ती गादीत आणि लाकडात मुरते. म्हणून जुन्या घराच्या बेसमेंटचं इन्सुलेशन, म्हणजे ऊब धरून ठेवणारं अस्तर, हा आधी पाण्याचा प्रश्न आहे आणि मग उष्णतेचा. मला सांगायचं आहे ते हेच. पुढे आहे तो त्याचा तपशील.

हा विषय मला जवळचा वाटतो याचं एक कारण असं की, इथे येणाऱ्या कितीतरी मराठी मुलामुलींचा कॅनडातला पहिला पत्ता कुणाच्या तरी बेसमेंटचाच असतो. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांची सोयही बऱ्याच घरांत तिथेच होते. भिंतीमागे बुरशी वाढत असेल तर तिथे झोपणारा माणूस रात्रभर तीच हवा छातीत घेत असतो. दमा असलेल्यांना तर त्याचा त्रास होतोच होतो.

जुनी बेसमेंटं मुळात राहण्यासाठी बांधलेलीच नव्हती. १९२०-३० च्या सुमाराच्या घरांत खाली कोळशाची भट्टी, कोळशाची खोली आणि बटाटे-लोणच्यांच्या बरण्या ठेवायची जागा असायची. पाया कधी दगडाचा, कधी विटांचा, कधी पोकळ ब्लॉकचा. दुसऱ्या महायुद्धानंतर स्कारबरो-इटोबिकोसारख्या टोरांटोच्या उपनगरांत बंगले उभे राहिले त्यांचे पाये बहुतेक काँक्रीट ब्लॉकचे. भिंतीला बाहेरून फार तर डांबराचा एक हात. कोब्याखाली प्लॅस्टिक नाही, पायथ्याच्या काँक्रीटमधून वर चढणारी ओल अडवायला काही नाही. तरी ती बेसमेंटं बऱ्यापैकी कोरडी राहायची, कारण भट्टीची बरीचशी ऊब तिथेच सांडायची आणि धुरांड्यातून तिथली दमट हवा सतत वर ओढली जायची. आजची उच्च कार्यक्षमतेची फर्नेस जवळपास सगळी ऊब डक्टमधून वर पाठवते. त्यामुळे गॅस वाचतो, पण बेसमेंट पूर्वीपेक्षा थंड आणि दमट होतं.

भिंतीला ओल कुठून येते

एक वाट सरळ पाण्याची. पाऊस पडतो, बर्फ वितळतं, पाणी भिंतीलगतच्या मातीत साचतं आणि भेगेतून, सांध्यातून आत येतं. दुसरी वाट केशाकर्षणाची. काँक्रीट, वीट, चुना या सगळ्यांत सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांतून पाणी खालून वर चढतं. भिंतीवर पांढरी पावडर धरलेली दिसते, तो लोणा. भिंतीतून आलेल्या पाण्याने विरघळलेले क्षार बरोबर आणले, पाणी उडून गेलं आणि क्षार मागे राहिले. लोणा दिसला की समजावं, ही भिंत आतल्या बाजूने वाळते आहे. रंगाचे पोपडे सुटत असतील तर त्याचाही अर्थ तोच.

तिसरी वाट सगळ्यात फसवी, कारण तिच्यात बाहेरून पाण्याचा थेंबही येत नाही. घरातल्या हवेत बाष्प असतं: स्वयंपाकाचं, आंघोळीचं, वाळत घातलेल्या कपड्यांचं, आपल्या श्वासाचं. ही हवा एखाद्या थंड पृष्ठभागाला लागली आणि तो पृष्ठभाग एका ठराविक तापमानाहून थंड असला, की बाष्पाचं पाणी होतं. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईत फ्रीजमधल्या पाण्याने भरलेला तांब्या ओट्यावर ठेवला की बाहेरून घामेजतो, तेच इथे भिंतीचं होतं. हवा २० अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असेल तर दवबिंदू येतो सुमारे ६ अंश. जानेवारीत जमिनीच्या वर डोकावणारा पायाचा भाग याहून कितीतरी थंड असतो. फायबरग्लासची गादी हवेला अडवत नाही. ती फक्त भिंतीला घराच्या उबेपासून तोडते. म्हणजे गादी लावल्यावर मागची भिंत आणखी थंड होते आणि प्लॅस्टिकच्या फटींतून मागे शिरलेली हवा तिथे पाणी सोडते.

उन्हाळ्यात चक्र उलटं फिरतं आणि इथे बहुतेकांची फसगत होते. जुलैतल्या एखाद्या दिवशी बाहेर २८ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असली की दवबिंदू जातो २१ अंशांच्या आसपास. टोरांटोच्या जमिनीचं खोलवरचं तापमान वर्षभर १० अंशांच्या जवळपास रेंगाळतं, त्यामुळे बेसमेंटच्या भिंतीचा तळ आणि कोबा भर उन्हाळ्यातही २१ अंशांच्या बराच खाली असतो. कुबट वास येतो म्हणून आपण खिडक्या उघडतो, बाहेरची दमट हवा आत घेतो आणि ती गार भिंतीवर पाणी सोडते. भारतात घरात ओल आली की दारं-खिडक्या सताड उघडायची आपली सवय. इथे जुलै-ऑगस्टमध्ये बेसमेंटच्या खिडक्या बंद ठेवून डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढून घेणारं यंत्र, लावायचा असतो. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहिली पाहिजे. यंत्राची नळी थेट कोब्यातल्या ड्रेनमध्ये सोडावी; रोज टाकी रिकामी करायची ठरवली तर चार दिवसांनी ते राहूनच जातं.

भिंतीला मुळात ओल कुठून येते हे ओळखायची एक साधी चाचणी आहे. हातभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, चारही कडा चिकटपट्टीने भिंतीला घट्ट बंद करा आणि दोन दिवस तसाच ठेवा. पाणी खोलीकडच्या बाजूवर जमलं तर ते हवेतलं. प्लॅस्टिकच्या मागे जमलं तर ते भिंतीतून येतंय. ही चाचणी एकदा वसंतात, बर्फ वितळताना, आणि एकदा भर उन्हाळ्यात करावी, कारण एकाच भिंतीचं दोन ऋतूंत वेगवेगळं उत्तर येऊ शकतं.

आधी घराबाहेर बघा

छप्पर १०० चौरस मीटर असेल आणि २५ मिलिमीटर पाऊस पडला तर त्यावरून २,५०० लिटर पाणी खाली येतं. ८ जुलै २०१३ ला टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर एका संध्याकाळी १२६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेवढ्याच छपरावर तो १२,६०० लिटर होतो. हे पाणी पन्हळीतून उतरून पायाच्या मुळाशीच ओतलं जात असेल तर आत कितीही भारी इन्सुलेशन लावा, ते भिजणारच. भिंतीबाहेर मीटरभर उंच पाणी साचलं तर त्याचा तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब पडतो. आतून लावलेला ‘वॉटरप्रूफ’ रंग या दाबापुढे टिकत नाही. तो फुगतो आणि सुटतो. असा रंग लावून त्यावर खोली बांधणं मला अजिबात मान्य नाही.

म्हणून पहिला खर्च पन्हळींवर. त्या दर शरद ऋतूत पानं पडून गेल्यावर साफ करायच्या. खाली उतरणाऱ्या नळांना जोड देऊन पाणी भिंतीपासून किमान सहा फूट लांब सोडायचं. शहराच्या गटाराला थेट जोडलेले छपराचे नळ टोरांटो महानगरपालिकेने तोडायला लावले ते गटारांवरचा भार कमी करण्यासाठी. नळ तोडले आणि जोड दिलाच नाही, अशी घरं मात्र अजूनही दिसतात आणि तिथे सगळं पाणी पायातच मुरतं. दुसरं, मातीचा उतार. पाया खणताना काढलेली माती परत भरली की ती वर्षानुवर्षं दबत जाते आणि घराभोवती खळगा तयार होतो. तिथे चिकणमाती भरून दहा फुटांत सहा इंच असा उतार घरापासून दूर काढायचा. लाकडाचा भुसा टाकून उतार केल्यासारखा दिसतो, पण पाणी त्याच्याखालून भिंतीकडेच जातं. वीटकामाच्या खालच्या कडेपासून माती सहा-आठ इंच खाली राहू द्या.

यानंतर येतो वीपिंग टाइल, म्हणजे पायाच्या तळाशी घराभोवती फिरवलेला निचऱ्याचा नळ. जुन्या घरांत तो मातीच्या तुकड्यांचा असतो आणि बऱ्याचदा गाळाने, झाडांच्या मुळांनी बुजलेला असतो. बाहेरची कामं करूनही वसंतात आत पाणी येत असेल तर हा नळ कॅमेऱ्याने तपासून घ्यावा. बेसमेंटमध्ये खड्ड्यात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा सम्प पंप आणि सांडपाणी उलटं येऊ न देणारा बॅकवॉटर व्हॉल्व्ह बसवण्यासाठी टोरांटो शहर अनुदान देतं. काम सुरू करण्याआधी त्याच्या अटी वाचून घ्याव्यात.

एवढं केल्यावर एक अख्खं वर्ष थांबता आलं तर थांबा. चारही ऋतूंत भिंत कशी वागते ते बघा. मला कल्पना आहे, घर नवं असतं, पाहुणे यायचे असतात, भाडेकरू ठेवून हप्ता हलका करायचा असतो. पण या एका वर्षाने जेवढे पैसे वाचतात तेवढे कुठल्याच महागड्या फोमने वाचत नाहीत.

फटी बुजवणं

ऊब भिंतीतून जाते तशी फटींतूनही जाते. हिवाळ्यात घरातली गरम हवा हलकी होऊन वर चढते, माळ्याच्या फटींतून बाहेर पडते आणि तिची जागा घ्यायला खालून थंड हवा ओढली जाते. ही हवा सर्वांत जास्त जिथून शिरते ती जागा म्हणजे पायाच्या भिंतीवर जिथे पहिल्या मजल्याच्या लाकडी तुळया टेकतात तो पट्टा. कॅनडातले सुतार त्याला हेडर म्हणतात, अमेरिकेत रिम जॉइस्ट म्हणतात. थंडीच्या दिवशी त्या पट्ट्याजवळ ओला हात धरला की हवेचा झोत कळतो. तिथे नुसती फायबरग्लासची गादी कोंबलेली असते आणि ती काळवंडलेली असते. तो काळेपणा हवेतल्या धुळीचा. गादीने गाळणीसारखं काम केलंय, हवा अडवलेली नाही.

प्रत्येक दोन तुळयांमध्ये दोन-तीन इंच जाडीच्या फोम-बोर्डाचा तुकडा बसवायचा आणि चारही कडांना डब्यातला फोम मारून सीलबंद करायचं. काम चिवट आहे, मान अवघडते, पण ते घरच्या घरी जमतं, आणि खर्चाच्या मानाने याच्याइतका फायदा बेसमेंटमधल्या दुसऱ्या कुठल्याही कामात नाही. पैसे एकाच कामापुरते असतील तर ते इथे घाला. पोकळ ब्लॉकची भिंत असेल तर सगळ्यात वरच्या थराची तोंडंही बंद करा, नाहीतर ब्लॉकच्या पोकळ्यांतून थंड हवा वर-खाली फिरत राहते.

एक सावधगिरी मात्र हवीच. जुना गॅसचा वॉटर हीटर नैसर्गिक ओढीवर धुरांड्यातून धूर सोडत असेल तर घर घट्ट बंद केल्यावर तो धूर उलटा आत येऊ शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. फटी बुजवण्याआधी हीटर गॅस-तंत्रज्ञाला दाखवा आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ अलार्म लावा. जुन्या पाइपांभोवती पांढरट प्लॅस्टरसारखं आवरण असेल, किंवा कुठे अभ्रकासारखे चमकणारे करडे दाणे भरलेले दिसले, तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्याला हात न लावता नमुना तपासून घ्यावा.

भिंतीला काय लावायचं

इन्सुलेशनची ताकद आर या आकड्यात मोजतात. आकडा जितका मोठा तितका उष्णतेला विरोध जास्त. एका इंच जाडीला फायबरग्लास साधारण ३ ते साडेतीन देतं, खनिज लोकर ४, थर्माकोल ४, एक्सपीएस नावाचा निळा किंवा गुलाबी कडक फोम ५, आणि भिंतीवर फवारायचा, बंद पेशींचा स्प्रे फोम ६. आठ इंच जाडीची काँक्रीटची भिंत, तिच्या दोन्ही बाजूंच्या हवेच्या थरासकट, जेमतेम दीड भरते.

आता ढोबळ हिशेब करू. आत २०, बाहेर उणे ५. जमिनीवरच्या उघड्या भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरमधून सुमारे ९५ वॅट ऊब बाहेर जाते. तिला आर-१० चं इन्सुलेशन लावलं की ती १२ वॅटवर येते. आर-२० लावलं की साडेसहावर. पहिल्या दहाने ८३ वॅट वाचवले, पुढच्या दहाने साधारण सहा. म्हणून पैसे किंवा जागा कमी असेल तर थोड्या भिंतीला भरपूर लावण्यापेक्षा सगळ्या भिंतीला मध्यम लावा. ऑन्टारियोत नव्या घरांच्या बेसमेंट-भिंतींना साधारण आर-२० लावतात, आणि नवं काम करताना तिथपर्यंत जायला हरकत नाही. पण पहिले दहा सर्वांत मोलाचे. कॅनडा सरकारच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या मते इन्सुलेशन नसलेल्या बेसमेंटमधून घराच्या एकूण उष्णतेच्या पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकी ऊब जाऊ शकते, आणि तिचा मोठा भाग जमिनीच्या वरच्या आणि जमिनीलगतच्या पट्ट्यातूनच जातो.

काँक्रीट, ब्लॉक आणि फोम यांना ओल चालते, ते कुजत नाहीत. लाकूड आणि ड्रायवॉलचा कागद यांना ती अजिबात चालत नाही. म्हणून रचना अशी हवी की दमट हवा थंड काँक्रीटपर्यंत पोचूच नये आणि लाकूड काँक्रीटला कुठेही टेकू नये. कडक फोमचे बोर्ड थेट भिंतीला चिकटवायचे, मागे पोकळी न ठेवता. सांधे टेपने आणि कडा फोमने बंद करायच्या, वरच्या हेडरच्या फोमशी सलग जोडून घ्यायच्या. मग त्या फोमच्या पुढे लाकडी चौकट उभी करायची, तिच्या पायाखाली फोमची पट्टी द्यायची, आणि ड्रायवॉल जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवायचा. प्लॅस्टिकचा कागद नाही. बोस्टनजवळची बिल्डिंग सायन्स कॉर्पोरेशन ही संस्था हीच मांडणी वर्षानुवर्षं सुचवत आली आहे.

चौकटीत लोकर भरायची का, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर पुन्हा दवबिंदूत आहे. टोरांटोचं जानेवारीचं सरासरी तापमान धरू उणे ४. दोन इंच एक्सपीएसचे आर-१० आणि पुढे साडेतीन इंच खनिज लोकरीचे आर-१४ असतील, तर फोमच्या आतल्या बाजूचं तापमान येतं जवळपास ६ अंश. ४० टक्के आर्द्रतेचा दवबिंदूही ६. म्हणजे आपण नेमके काठावर आहोत. फोम एकच इंच घेतला तर तीच जागा पावणेतीन अंशांवर जाते आणि लोकरीमागे पाणी धरतं. यावरून निघणारा नियम असा: लोकर भरायची असेल तर फोम किमान दोन इंच, शक्यतो तीन, आणि हिवाळ्यात घरातली आर्द्रता ३५-४० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही. माझी पसंती विचाराल तर तीन-चार इंच फोम आणि चौकट रिकामी, फक्त वायरिंगसाठी. लोकरीवर वाचवलेल्या चार डॉलरांपेक्षा ती निश्चिंती मोलाची.

काही ठिकाणी बांधकाम तपासायला येणारे सरकारी तपासनीस बाष्प अडवण्यासाठी प्लॅस्टिकचा कागद मागतात. दोन इंच एक्सपीएस स्वतःच बाष्परोधकाच्या व्याख्येत बसतो. परवान्याच्या नकाशावर हे आधीच लिहून द्यावं, म्हणजे पुढे वाद होत नाही. फोम उघडा ठेवायचा नाही हाही नियम आहे आणि तो जिवाचा आहे: फोम पेटला की विषारी धूर सोडतो, म्हणून त्यावर अर्ध्या इंचाचा ड्रायवॉल हवाच.

स्प्रे फोम महाग, पण वाकड्यातिकड्या दगडी भिंतीवर बोर्ड चिकटूच शकत नाही, तिथे तोच उपयोगी. फवारणीच्या वेळी आणि नंतर किमान २४ तास घर सोडावं लागतं. लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर आणखी थोडं थांबलेलं बरं.

विटा-दगडाच्या पायाशी जपून

आतून इन्सुलेशन लावलं की भिंतीला घराची ऊब मिळेनाशी होते. काँक्रीटला त्याचं फारसं काही वाटत नाही. पण शंभर वर्षांपूर्वीची मऊ भाजलेली वीट ओली असताना पुन्हा पुन्हा गोठली आणि वितळली, तर तिचे पापुद्रे सुटतात. आजवर घराच्या उबेमुळे ती गोठत नव्हती. ती ऊब आपण तोडतो. शिवाय जुन्या घरांत पायावरची लाकडी पाटी सरळ दगड-विटांवर टेकलेली असते. भिंतीची आत वाळायची वाट बंद केली तर ओल वर चढून त्या लाकडापर्यंत जाऊ शकते, आणि त्या पाटीवर अख्खं घर उभं असतं. अशा घरात आधी बाहेरचा निचरा, मग जमिनीवरचा भाग बाहेरून वाळू शकतो का हे बघणं, आणि जुन्या बांधकामाची जाण असलेल्या इंजिनिअरचा सल्ला, या क्रमाने जावं. सल्ल्याची फी भिंत दुरुस्तीच्या मानाने किरकोळ असते. विटांचा पाया ठिसूळ झाला असेल तर तो आतून झाकूच नये.

बाहेरून इन्सुलेशन करणं सगळ्यांत उत्तम. भिंत उबदार आणि कोरडी राहते, नवा निचऱ्याचा नळ आणि जलरोधक थर त्याच खणाईत बसतात. पण घराभोवती पायापर्यंत खणायचं म्हणजे बाग, पायऱ्या, ड्राइव्हवे सगळं उखडायचं, आणि टोरांटोच्या अरुंद गल्लीत शेजाऱ्याची भिंत हाताच्या अंतरावर. म्हणून भिंत तशीही दुरुस्त करायची असेल तेव्हाच हे परवडतं. तशी वेळ आली तर मात्र ती संधी सोडू नका.

कोब्याचं गणित सोपं आहे. त्यातून ऊब कमी जाते, पण तो पायांना गार लागतो आणि उन्हाळ्यात घामेजतो. थेट गालिचा अंथरला की त्याच्याखाली बुरशी धरते. आधी उठावांचं प्लॅस्टिक किंवा इंचभर फोम, त्यावर प्लायवुड, त्यावर हवं ते. छताची उंची आधी मोजा, जुन्या बेसमेंटमध्ये दोन इंचही जाणवतात.

आणि हे सगळं करण्याआधी रेडॉन मोजा. तो जमिनीतून निघणारा किरणोत्सारी वायू आहे. त्याला वास नाही, रंग नाही, आणि कॅनडात फुप्फुसाच्या कर्करोगाचं धूम्रपानानंतरचं दुसरं मोठं कारण तोच आहे. हेल्थ कॅनडा या सरकारी आरोग्य विभागाची मर्यादा हवेच्या दर घनमीटरला २०० बेकरेल (बेकरेल हे किरणोत्साराचं एकक). मोजणीचं छोटं यंत्र हिवाळ्यात, दारं-खिडक्या बंद असतात तेव्हा, बेसमेंटमध्ये किमान तीन महिने ठेवायचं असतं. घर घट्ट केल्यावर प्रमाण बदलू शकतं, म्हणून काम झाल्यावर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा मोजावं. आकडा जास्त आला तर कोब्यातून पाइप घालून पंख्याने तो वायू बाहेर काढतात. त्या पाइपसाठी भोक पाडायचं ते फरशी घालण्याआधी.